वीज, निरोप आणि चार वर्षे: विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स पदवीचा आढावा

विजेकडून माणूस दोन कामे करून घेतो. एक ताकदीचे: पंप फिरवणे, गिरणी चालवणे, रेल्वे ओढणे. दुसरे निरोपाचे: आवाज, चित्र, आकडे इकडून तिकडे पोचवणे आणि त्यांवर हिशेब करणे. पहिल्या कामाचे शास्त्र म्हणजे विद्युत अभियांत्रिकी आणि दुसऱ्याचे इलेक्ट्रॉनिक्स. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाते गावात तीन अश्वशक्तीचा पंप सुरू होतो तेव्हा तो सुमारे 2,200 वॅटचे काम देतो. त्याच पंपाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा मोबाईल वाजतो तेव्हा टॉवरकडून त्या फोनपर्यंत आलेली शक्ती बहुधा वॅटच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. दोन्हींत प्रचंड अंतर आहे, पण ओहम, किरचॉफ, फॅरडे आणि मॅक्सवेल यांचे नियम दोन्हीकडे तेच. म्हणूनच ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे दक्षिणेच्या राज्यांत हे दोन्ही विषय ‘इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’ अशा एका पदवीत बांधलेले दिसतात. महाराष्ट्रात मात्र प्रवेशाच्या वेळीच वाट फुटते. एका बाजूला ‘इलेक्ट्रिकल’, दुसऱ्या बाजूला ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन’. या दुसऱ्या शाखेलाच पुण्याकडे ईएनटीसी आणि मुंबईकडे एक्स्टीसी म्हणतात.

नाते, महाड, पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला ही पदवी दूर जाऊन घ्यावी लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि महाडच्या मधे लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि तेथे दोन्ही शाखा शिकवल्या जातात. शिवाय या अभ्यासक्रमातली बहुतेक मोठी प्रकरणे याच रायगड जिल्ह्यात प्रत्यक्ष उभी आहेत. पुस्तक, प्रयोगशाळा आणि परिसर या तिन्हींची सांगड बसली तर ही पदवी सार्थकी लागते. एरवी ती गुणपत्रिकेपुरती उरते.

पार्श्वभूमी

पश्चिम घाटाचा उतार आणि मुंबईच्या गिरण्यांची भूक यांतून या भागात वीज आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे 1922 मध्ये आणि भिऱ्याचे 1927 मध्ये. तिन्ही केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यातली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधले गेले. त्यात बुडणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी उभारलेला मुळशी सत्याग्रह हा या विजेच्या इतिहासाचाच भाग आहे.

केंद्रे उभी राहिली तेव्हा ती चालवणारे अभियंते देशात मोजकेच होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1911 पासून शिकवल्या जाऊ लागलेल्या पहिल्या विषयांत विद्युत तंत्रशास्त्र होते. बनारस हिंदू विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1919 मध्ये सुरू झाले, आणि यंत्र व विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीची देशातली सुरुवात तेथून मानली जाते. मुंबईत 1887 मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने, म्हणजे व्हीजेटीआयने, गिरण्यांना आणि वीज कंपन्यांना लागणारे तंत्रज्ञ दीर्घकाळ घडवले. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून 1943 मध्ये ए. ललिता विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. देशातल्या पहिल्या स्त्री विद्युत अभियंता त्याच.

महाडशी जोडलेला एक धागा येथे येतो. ज्या 1927 साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी 20 मार्चला डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि भरपूर असली पाहिजे, तिचे नियोजन देशपातळीवर झाले पाहिजे, ही भूमिका त्या काळात सरकारी धोरणात आली. 1948 चा वीजपुरवठा कायदा आणि त्यातून निघालेली राज्य वीज मंडळे हा पुढचा टप्पा. 1989 मध्ये लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला आंबेडकरांचे नाव दिले गेले. चवदार तळे आणि वीजधोरण या दोन्ही दृष्टींनी ते त्या जागी शोभते.

उच्च शिक्षणाच्या कारभाराशीही या मुलखाचा संबंध आहे. नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. जन्म 14 जानेवारी 1896. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री झालेले देशमुख 1956 ते 1961 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पवईची आयआयटी याच काळात, 1958 मध्ये सुरू झाली. तांत्रिक शिक्षणाची स्वतंत्र परिषद, एआयसीटीई, 1945 पासून सल्ला देण्याचे काम करीत होती. तिला कायद्याचे अधिकार 1987 मध्ये मिळाले.

तोवर महाराष्ट्रातले चित्र पालटले होते. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सरकारी महाविद्यालयांतल्या मूठभर जागांची जागा हजारो जागांनी घेतली. पदवी तालुक्यापर्यंत पोचली, पण शिक्षक आणि प्रयोगशाळा त्या वेगाने पोचल्या नाहीत. या शाखांच्या शिक्षणाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या तफावतीत सापडते. 2014 च्या कायद्याने लोणेऱ्याच्या विद्यापीठाला राज्यभरातली महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे तिथे ठरलेला अभ्यासक्रम आता विदर्भ-मराठवाड्यातही शिकवला जातो.

प्रवेशाच्या दोन वाटा

पहिली वाट बारावी विज्ञानाची. राज्याच्या एमएचटी-सीईटीचा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हा गट 200 गुणांचा असतो. गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण, उरलेल्या दोन विषयांच्या 50-50 प्रश्नांना प्रत्येकी एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे केंद्रीय प्रवेशाचे कॅप राऊंड, पसंतीक्रमाचा अर्ज आणि कट-ऑफ. गेल्या काही वर्षांत संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखांकडे इतकी रीघ आहे की ‘इलेक्ट्रिकल’ ही अनेकांच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असते. आवडीने आलेला आणि कट-ऑफने ढकलला गेलेला असे दोन विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. शिकवणाऱ्याला याची जाणीव ठेवावी लागते.

दुसरी वाट पदविकेची. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ग्रामीण भागात ही वाट लोकप्रिय आहे, कारण मधेच नोकरी धरावी लागली तरी हाती एक प्रमाणपत्र असते. ‘डिप्लोमावाल्या’ मुलांनी मोटर उघडलेली असते, स्टार्टरची जोडणी केलेली असते, हातात टेस्टर-पक्कड सरावलेली असते. त्यांची अडचण गणितात. पहिल्या वर्षाचे एम-वन आणि एम-टू हे गणिताचे विषय न शिकता ती मुले थेट एम-थ्रीला बसतात. बारावीवाल्यांचे नेमके उलट: समीकरण सुटते, पण इन्सुलेशन तपासणारा मेगर कुठे लावायचा ते ठाऊक नसते. ज्या वर्गात हे दोन गट एकमेकांना शिकवतात तो वर्ग पुढे जातो. काही महाविद्यालये डिप्लोमावाल्यांसाठी गणिताचे उजळणी वर्ग घेतात. ते सगळीकडे असायला हवेत.

भाषेचा प्रश्न दोन्ही वाटांवर येतो, आणि त्यात एक गंमत आहे. मराठी शाळेत विद्यार्थी ‘विद्युतधारा’, ‘विभवांतर’, ‘रोध’ हे शब्द शिकतो. गावातला वायरमन ‘करंट’, ‘व्होल्टेज’, ‘फेज’, ‘अर्थिंग’ म्हणतो. महाविद्यालयात पोचल्यावर पुन्हा वायरमनचेच शब्द भेटतात. शब्दांचा अडसर त्यामुळे महिन्याभरात सरतो. खरा अडसर इंग्रजीत सलग परिच्छेद वाचण्याचा आणि लिहिण्याचा असतो. एआयसीटीईने 2021 पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली आणि पाठ्यपुस्तकांचे अनुवादही करवले. तरी यंत्रांची माहितीपत्रके, मानके आणि संशोधन इंग्रजीतच आहे. त्यामुळे समजून घ्यायला मराठी आणि कामाचा कागद वाचायला इंग्रजी, असा दुहेरी मार्गच व्यवहार्य ठरतो.

खर्चाच्या बाबतीत शिष्यवृत्त्यांची माहिती वेळेवर असणे निर्णायक ठरते. मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. एका दाखल्यासाठी वर्षाची सवलत हुकण्याचे प्रकार घडतात, म्हणून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

चार वर्षांचा क्रम

पहिले वर्ष बहुतांशी सर्व शाखांना समान असते: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन, कार्यशाळा, संगणकाची एखादी भाषा आणि विद्युत अभियांत्रिकीची तोंडओळख. या वर्षी ‘इलेक्ट्रिकलला येऊन वीज कुठे आहे?’ असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. त्याचे उत्तर गणितात दडलेले असते. प्रत्यावर्ती धारेचे सगळे गणित संमिश्र संख्यांवर उभे आहे. गणिताच्या पुस्तकात उणे एकचे वर्गमूळ ‘आय’ असते. विद्युत अभियंते त्याला ‘जे’ म्हणतात, कारण ‘आय’ हे अक्षर धारेसाठी राखलेले आहे.

दुसरे वर्ष पायाचे. नेटवर्क विश्लेषण, विद्युत यंत्रे, मापन, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, विद्युतचुंबकीय क्षेत्र हे विषय दोन सत्रांत येतात. नेटवर्कमधली सूत्रे कोरडी वाटतात, पण ती रस्त्यावरच्या खांबालाही लागू होतात. गावच्या डीपीचे, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण घ्यावे. 100 केव्हीएच्या डीपीतून 433 व्होल्टला पूर्ण भाराची धारा सुमारे 133 अँपिअर निघते. त्याच वेळी वरच्या 11 हजार व्होल्टच्या तारेतून फक्त सव्वापाच अँपिअर वाहतात. तारेतला तोटा धारेच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून लांबचा प्रवास चढ्या दाबाने करायचा आणि दारात आल्यावर दाब उतरवायचा. वीज वितरणाची सगळी रचना या एका वाक्यात बसते.

त्याच डीपीवरचा दुसरा प्रसंग कोकणात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडतो. वाऱ्यात फांदी पडते आणि न्यूट्रलची तार तुटते. वीज जात नाही. उलट काही घरांतले दिवे डोळे दिपतील इतके उजळतात आणि टीव्ही जळतो. कारण किरचॉफच्या नियमात आहे. समजा एका घरात 100 वॅटचा भार एका फेजवर आहे आणि शेजारी 1,000 वॅटचा भार दुसऱ्या फेजवर. न्यूट्रल शाबूत असताना दोघांना 230 व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की दोन्ही घरे एकामागोमाग एक जोडली जाऊन दोन फेजांमधल्या 400 व्होल्टवर येतात. लहान भाराचा रोध दहापट, म्हणून त्याच्या वाट्याला जवळपास 364 व्होल्ट आणि मोठ्या भाराच्या वाट्याला 36. एक घर जळते, दुसऱ्या घरात दिवा मिणमिणतो. हे कोष्टक ज्याने एकदा कागदावर मांडले त्याला ‘असंतुलित तीन-फेज भार’ हे प्रकरण पाठ करावे लागत नाही.

तिसऱ्या वर्षी दोन्ही शाखा आपापल्या मार्गाला लागतात. इलेक्ट्रिकलकडे वीजप्रणाली, नियंत्रणप्रणाली, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोकंट्रोलर येतात. ईएनटीसीकडे संदेश आणि प्रणाली, अ‍ॅनालॉग-डिजिटल संदेशवहन, अँटेना, डिजिटल संदेशप्रक्रिया, चिपरचना. दूरध्वनीवरचा आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमापाला आठ बिट द्यायचे, की सेकंदाला 64,000 बिट होतात. माणसाच्या बोलण्याला लागणाऱ्या वाहिनीचे माप असे आकड्यात उतरते आणि पुढचे सगळे संदेशवहन तेथून सुरू होते. अभ्यासक्रम जुना राहतो ही तक्रार याच वर्षाबद्दल असते. 1976 च्या 8085 या मायक्रोप्रोसेसरने अनेक पिढ्यांच्या उत्तरपत्रिका व्यापल्या. मूलतत्त्व शिकवायला तो सोपा आहे हे खरे. पण त्यावरच थांबणे परवडणारे नाही.

चौथ्या वर्षी संरक्षणप्रणाली, उच्च दाब, ड्राइव्ह्ज, ऐच्छिक विषय, प्रकल्प आणि कारखान्यातले प्रशिक्षण. एआयसीटीईच्या 2018 च्या आदर्श आराखड्याने चार वर्षांचे एकूण ओझे 160 श्रेयांकांवर आणले. त्यामागे हाताने करून शिकायला वेळ मिळावा हा हेतू होता. तो वेळ प्रत्यक्षात मिळतो का, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठरते.

प्रयोगशाळा

या शाखांचे शिक्षण प्रयोगशाळेत कसे होते, हे एका प्रयोगावरून पाहता येते: अल्टरनेटर चालू वीजवाहिनीशी जोडणे. टेबलावर एक डीसी मोटर अल्टरनेटरला फिरवत असते. अल्टरनेटर आणि वाहिनी यांच्यामधे उघडा स्विच, आणि त्या स्विचवर प्रत्येक फेजला दिव्यांची जोडी. वेग थोडा चुकला की दिवे एकत्र पेटतात, एकत्र विझतात. फरक जितका मोठा, तितकी उघडझाप जलद. विद्यार्थी मोटरच्या रिऑस्टॅटवर हात ठेवून वेग हळूहळू जुळवतो. उघडझाप मंदावते, पाच-सहा सेकंदांत एक श्वास घ्यावा तशी. दिवे पूर्ण काळोखे झाले त्या क्षणी स्विच टाकायचा. दिवे एकत्र न पेटता गोल फिरल्यासारखे एकामागोमाग पेटू लागले, तर फेजांचा क्रमच उलटा आहे. थांबून दोन तारा बदलायच्या. घाईने चुकीच्या क्षणी स्विच पडला तर यंत्राला जो हिसका बसतो, तो एकदा ऐकलेला माणूस पुन्हा घाई करीत नाही.

भिऱ्याच्या मोठ्या जनित्रांनाही हीच अट लागू असते; फक्त दिव्यांची जागा तेथे स्वयंचलित उपकरणांनी घेतली आहे. जाळ्याची वारंवारता 50 हर्ट्झ. बारा ध्रुवांचे जनित्र त्यासाठी मिनिटाला नेमके 500 फेरे घेते. भार वाढला की वारंवारता खाली घसरते आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर पाण्याची धार वाढवतो. देशाच्या जाळ्यात ती 49.90 ते 50.05 या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. नियंत्रणप्रणालीच्या पुस्तकातले ‘फीडबॅक’ हे प्रकरण म्हणजे हेच.

इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा शांत असते. ब्रेडबोर्ड, मल्टीमीटर, सीआरओ आणि सोल्डरचा वास. येथे चूक झाली तर आवाज होत नाही, फक्त पडद्यावर लहर उमटत नाही. सैल जोडणी शोधत तासभर बसणे हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण दोष शोधण्याची पद्धत याच तासात अंगी बाणते: आधी पुरवठा तपासायचा, मग ग्राउंड, मग एकेक टप्पा.

आणि येथेच फसवणूकही होते. चार जणांच्या गटात एक जोडणी करतो, दुसरा आकडे टिपतो, उरलेले दोघे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवतात. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांची जर्नले सारखीच सुबक दिसतात. तोंडी परीक्षेत ‘स्टार्टर कशाला लागतो?’ एवढे विचारले की कोणी यंत्राला हात लावला आणि कोणी नाही ते लगेच कळते.

दोन शाखांमधली भिंत

प्रवेशाच्या वेळी फुटलेल्या दोन वाटा कामाच्या जागी पुन्हा एकत्र येतात. वीर, माणगाव, गोरेगाव रोड या स्थानकांवरून जाणाऱ्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले. वरच्या तारेत 25 हजार व्होल्टची एक-फेज वीज असते. आधुनिक इंजिन ती आत घेऊन आधी दाब उतरवते, मग तिची एकदिश वीज करते आणि तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची तीन-फेज वीज घडवून इंडक्शन मोटरला देते. उतारावर हीच मोटर जनित्र होऊन वीज परत तारेत लोटते. मोटर इलेक्ट्रिकलची, स्विचिंग अर्धवाहकांचे, आणि केव्हा कोणता स्विच उघडायचा हे ठरवणारा हिशेब मायक्रोप्रोसेसरचा. या इंजिनाचा अभियंता कोणत्या शाखेचा, असे विचारण्यात अर्थ नाही.

छपरावरचा सौर संच, विजेवरची गाडी, कारखान्यातल्या मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी, नवा डिजिटल वीजमीटर या सगळ्यांची तीच कथा. म्हणून इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने एम्बेडेड प्रणाली आणि एक संगणकभाषा नीट शिकावी. ईएनटीसीच्या विद्यार्थ्याने मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंग यांना परके मानू नये. ऐच्छिक विषय निवडताना सोपा पेपर शोधण्याऐवजी ही उणीव भरून काढावी.

परिसराची प्रयोगशाळा

महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्याला परिसराने बरेच काही फुकट दिले आहे. मुळशीचे पाणी सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला उतरते आणि वीज देऊन कुंडलिका नदीत जाते. सेकंदाला एक घनमीटर पाणी 500 मीटरवरून पडले आणि यंत्रांची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर सुमारे 4.2 मेगावॅट वीज मिळते. हा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्राने होतो. भिऱ्याला 1997 मध्ये 150 मेगावॅटचा उदंचन संच बसला. मागणी कमी असते तेव्हा तो पाणी परत वर चढवतो. दुपारची सौरवीज संध्याकाळपर्यंत साठवायची कशी, या आजच्या प्रश्नाचे एक जुने उत्तर असे जिल्ह्यातच उभे आहे. कोयनेचा 1,960 मेगावॅटचा प्रकल्पही याच उताराच्या बळावर चालतो.

महाडची एमआयडीसी प्रामुख्याने रसायनांची. तेथे मोटर चालणे पुरेसे नसते. ज्वलनशील वाफांत ठिणगी बाहेर पडता कामा नये. म्हणून फ्लेमप्रूफ मोटरी, बंदिस्त ग्लँड, प्रवाह-तापमान-दाब मोजणारी उपकरणे आणि यंत्रांना आज्ञा देणारे पीएलसी. ‘धोकादायक क्षेत्रातील विद्युत मांडणी’ हा विषय बहुतेक अभ्यासक्रमांत दोन पानांत उरकतो. या पट्ट्यात त्याच्यावर नोकरी मिळते आणि त्याच्या अज्ञानाने जीव जातो.

पाऊस हा तिसरा शिक्षक. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ऑगस्टमध्ये मोजला तर आकडा सुंदर येतो, कारण जमीन चिंब असते. कातळाच्या जागेत तोच रोध मे महिन्यात कितीतरी पट वाढलेला असतो. खरे मोजमाप मे महिन्याचे. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा घराघरातले मीटर आणि दुकानांतल्या मोटरी बुडाल्या. अशी मोटर ओसरल्यावर लगेच सुरू करायची नसते. ती उघडून, वाळवून, मेगरने इन्सुलेशन तपासायचे. निदान एक-दीड मेगओम भरल्याशिवाय वीज द्यायची नाही. आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातले खांब आडवे केले होते. खांब कुठे रोवावा, उपकेंद्र पूररेषेच्या किती वर असावे, कुठे उघड्या तारेऐवजी केबल परवडेल, हे या भागासाठी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे खरे विषय आहेत. बाजारातून विकत आणलेल्या तयार ‘प्रोजेक्ट किट’पेक्षा एका वाडीच्या फीडरवरचे वर्षभराचे बिघाड नोंदवून त्यांची कारणे शोधणारा अहवाल अधिक मोलाचा.

परीक्षा आणि अभ्यास

सत्रपद्धतीत वर्षातून दोनदा लेखी परीक्षा, शिवाय अंतर्गत गुण, टर्मवर्क आणि ओरल. पहिल्या दोन वर्षांत केटी लागण्याचे, म्हणजे विषय राहण्याचे, प्रमाण गणित, नेटवर्क आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र या विषयांत जास्त दिसते. त्यामागे बुद्धीपेक्षा सवय अधिक असते. लोकल लेखकांच्या पुस्तकातले मागच्या पाच वर्षांचे प्रश्न सोडवून उत्तीर्ण होता येते, पण पुढच्या विषयाला टेकू मिळत नाही. थेराजांचे जाडजूड पुस्तक उदाहरणांसाठी, नागरथ-कोठारी यंत्रांच्या तत्त्वासाठी, आणि आयआयटींनी 2003 पासून उभा केलेला एनपीटीईएलचा व्याख्यानसंग्रह समजून घेण्यासाठी: ही त्रयी लोणेऱ्याच्या वसतिगृहातही तेवढीच उपलब्ध आहे जेवढी पवईच्या. पदवीच्या दर्जाची बाहेरून तपासणी एनबीए करते. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून एनबीएने मान्य केलेल्या पात्र अभ्यासक्रमांना इतर सदस्य देशांत समकक्ष मानले जाते. प्रवेश घेताना महाविद्यालयापेक्षा त्या विशिष्ट शाखेला ही मान्यता आहे का, ते पाहायचे असते.

पदवीनंतर

नोकरीचे क्षेत्र रुंद आहे. 1960 च्या राज्य वीज मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. तिन्हींत पदवीधर अभियंत्यांची भरती होते. रेल्वे, केंद्राची अभियांत्रिकी सेवा, सार्वजनिक उपक्रम, एमआयडीसीतले देखभाल विभाग, सौर कंपन्या, दूरसंचार आणि चिपरचनेच्या कंपन्या या पुढच्या वाटा. गेट परीक्षेत विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे स्वतंत्र पेपर असतात. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्या गुणांवर एम.टेक.चा प्रवेश आणि काही सरकारी कंपन्यांची निवड होते. विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना काढून स्वतःचा ठेका घेणारे पदवीधरही आहेत आणि ग्रामीण भागात त्यांना काम कमी पडत नाही.

मोठ्या संख्येने पदवीधर सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात हेही खरे. त्यात कमीपणा नाही, पण चार वर्षे नाखुशीने मोटर शिकून मग संगणकाकडे वळण्यात वेळ वाया जातो. उलट मायक्रोकंट्रोलर, नियंत्रण आणि संदेशप्रक्रिया मनापासून शिकलेल्याला यंत्र आणि आज्ञावली यांच्या सांध्यावरचे काम मिळते, आणि तेथे गर्दी कमी असते.

निष्कर्ष

विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यापैकी कोणती शाखा निवडली याला वाटते तितके महत्त्व नाही. दुसऱ्या वर्षाचा पाया किती पक्का झाला आणि किती तास यंत्रावर हात राहिला, याला आहे. शासनाने जागा वाढवल्या आणि शुल्कात सवलती दिल्या. उरलेले काम प्रयोगशाळा आणि शिक्षक यांचे आहे आणि ते अजून अपुरे आहे. डिप्लोमावाल्यांना गणित, बारावीवाल्यांना कार्यशाळा आणि दोघांना परिसरातले प्रकल्प मिळाले, तर हीच पदवी भिऱ्यापासून महाडपर्यंतच्या प्रत्येक यंत्राची किल्ली ठरू शकते.

कॅप राऊंडमध्ये पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी महाविद्यालयात जाऊन एवढेच करावे: यंत्रांच्या प्रयोगशाळेत शिरून तिथल्या सहायकाला विचारावे की अल्टरनेटर वाहिनीला शेवटचा केव्हा जोडला होता. उत्तर ‘या सत्रात’ असे आले तर नाव वर घ्यावे. यंत्रावरची धूळ पुसत उत्तर आले तर खाली.